पुलाखालचा पत्ता

फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाशी, बिस्केन उपसागराच्या उथळ पाण्यावरून, मियामी शहर आणि मियामी बीच हे बेट यांना जोडणारा एक लांबलचक रस्ता जातो. त्याला जूलिया टटल कॉजवे म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री फ्लॅगलर या रेल्वेसम्राटाला आपल्या जमिनीतला वाटा देऊ करून जिने लोहमार्ग मियामीपर्यंत आणवला आणि त्या योगे शहराचा पाया घातला, त्या कर्तबगार बाईचे नाव या रस्त्याला दिलेले आहे. २००७ च्या सुमारास याच रस्त्याच्या एका पुलाखाली, खांबांच्या मधल्या काँक्रीटच्या उतरणीवर, माणसांची एक वसाहत आकार घेऊ लागली. ती कोणी आपखुशीने वसवलेली नव्हती. तेथे राहणाऱ्यांना राज्याच्या तुरुंग खात्याच्या अंमलदारांनीच ती जागा दाखवून दिली होती, आणि त्यांच्यापैकी काहींच्या वाहनपरवान्यांवर राहण्याचा पत्ता म्हणून त्या पुलाचेच नाव सरकारी शिक्क्यानिशी छापलेले होते.

ही माणसे लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगून बाहेर पडलेली होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे गुन्हे लहान मुलांविरुद्ध घडलेले होते. ज्या घरातल्या मुलावर असा प्रसंग गुदरतो त्या घराचे दुःख जन्मभर सरत नाही, आणि त्या दुःखातून उठलेला कायदा कितीही कठोर असला तरी त्यामागची भावना खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण भावना खरी असली म्हणजे तिच्या पोटी जन्मलेला ठरावही शहाणपणाचा असतोच असे नाही. आणि बालकांच्या रक्षणासाठी निघालेले एक सुसंस्कृत राष्ट्र आपल्या सर्वांत भयावह वाटणाऱ्या गुन्हेगारांना पुलाखाली, बेपत्ता होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, कसे नेऊन बसवते, हा इतिहास म्हणूनच नीट समजून घेण्याजोगा आहे.

गुन्हेगारांची नोंदवही ठेवण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे, आणि तिचा उगम स्थानिक कायद्यांतच सापडतो. १९३३ साली लॉस एंजेलिस काउंटीने, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या एका घटकाने, शिक्षा झालेल्या माणसांनी पोलीस दफ्तरी आपली नोंद करावी असा नियम केला. इतर गावांनी त्याचे अनुकरण केले. १९४७ साली कॅलिफोर्नियाने केवळ लैंगिक गुन्हेगारांसाठी राज्यव्यापी नोंदणी सुरू केली, आणि तसे करणारे ते पहिले राज्य ठरले. दहा वर्षांनी लॉस एंजेलिस शहराच्या अशाच एका नियमाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाच दिवसांहून अधिक काळ शहरात राहणाऱ्या शिक्षा झालेल्या माणसाने नोंद न केल्यास तो गुन्हा, अशी ती तरतूद होती. ज्याला या कर्तव्याची कल्पनाच नव्हती त्याला त्याबद्दल शिक्षा करणे घटनेला धरून नाही, असा न्यायालयाने निर्णय दिला. त्या काळच्या या नोंदी पोलिसांच्या कपाटात पडून असत, शेजाऱ्याला त्यांचा पत्ता नसे, आणि नोंद झालेल्या माणसाने कोठे राहावे वा कोठे फिरावे याविषयी त्या काही बोलतही नसत.

ही स्थिती बदलली ती दोन बालकांच्या दुर्दैवामुळे. १९८९ च्या ऑक्टोबरात मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ या लहानशा गावी, भाऊ आणि मित्र यांच्यासह सायकलवरून घरी परतणाऱ्या जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाला एका बुरखाधारी माणसाने बंदुकीच्या धाकाने पळवून नेले. त्याचे अवशेष मिळायला पुढे २०१६ साल उजाडावे लागले. त्याची आई पॅटी वेटरलिंग हिने अविश्रांत खटपट केली आणि १९९४ साली, जेकबच्या नावाने, प्रत्येक राज्याने लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही ठेवावी असा केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षी जुलैत न्यू जर्सीत मेगन नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा खून समोरच्याच घरात राहणाऱ्या, पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाने केला, आणि त्याचा पूर्वेतिहास मेगनच्या आईवडिलांना ठाऊक नव्हता. शेजारी कोण राहतो हे आम्हाला कळलेच पाहिजे, ही त्यांची मागणी इतकी न्याय्य वाटली की १९९६ साली माहिती जाहीर करण्याचे बंधन साऱ्या राज्यांवर आले. पोलिसांच्या कपाटातली वही अशा रीतीने चव्हाट्यावर आली. काही वर्षांतच ती संगणकावर कोणालाही उघडता येऊ लागली, नावासह, छायाचित्रासह आणि घरक्रमांकासह.

शेजाऱ्याचे नाव आणि गुन्हा कळल्यावर त्याला येथे राहू द्यावे काय, हा प्रश्न पुढे यावा हे अटळच होते. १९९५ पासून फ्लोरिडा आणि काही अन्य राज्यांनी शाळा, पाळणाघर, क्रीडांगण यांच्यापासून ठराविक अंतराच्या आत अशा माणसांना राहण्यास मज्जाव करण्यास आरंभ केला. या कायद्यांच्या पाठीशी एक समजूत होती, ती अशी की असा माणूस पुन्हा गुन्हा करणारच. २००२ मधील एका निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयानेही अशा गुन्हेगारांच्या पुनर्गुन्ह्याचे प्रमाण भयावह असल्याचे नमूद केले आणि ऐंशी टक्क्यांपर्यंतचा आकडा उद्धृत केला. पुढे अभ्यासकांनी त्याचा माग काढला तेव्हा त्याचे मूळ १९८६ सालच्या एका लोकप्रिय मानसशास्त्रविषयक मासिकातील लेखाच्या एका वाक्यात, कोणत्याही पुराव्याविना, सापडले. तोवर तो आकडा देशभरच्या न्यायालयांनी आणि विधिमंडळांनी वारंवार उचललेला होता.

२००५ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातील होमोसासा येथे जेसिका नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचे अपहरण आणि खून झाला. खुनी नोंदवहीतला होता, पण नोंदवलेल्या पत्त्यावर राहत नव्हता. तो मुलीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्याच्या घरी राहत होता. वास्तविक या प्रसंगाचा धडा हा, की नोंदलेला पत्ता खरा आहे की नाही हे पाहणारी माणसे कमी पडली. पण संतापाच्या लाटेत तो धडा मागे राहिला. राज्याने जेसिकाच्या नावाने शिक्षा कडक करणारा आणि काही गुन्हेगारांवर उपग्रहाद्वारे पाळत ठेवणारा कायदा केला. आणि शहरांनी, आपल्या हाती दुसरे काही नसल्यामुळे, अंतराचा कायदा हाती घेतला.

पुढाकार मियामी बीचने घेतला. राज्याचा नियम १,००० फुटांचा होता. महापौर डेव्हिड डर्मर यांच्या कारकिर्दीत २००५ साली या नगराने तो आपल्या हद्दीत २,५०० फुटांवर नेला. अंतर अडीच पट झाले, की वर्तुळाचे क्षेत्र सव्वासहा पट होते: एका शाळेभोवती सुमारे १.८ चौरस किलोमीटर. मियामी बीच हे चिंचोळे बेट. त्याच्यावर शाळा, बागा, पाळणाघरे यांची वर्तुळे काढली तर ती एकमेकांत मिसळून जवळपास सारे बेटच झाकून टाकतात. नकाशा पाहणाऱ्या कोणालाही हे दिसत होते, म्हणजे या ठरावाचा अर्थ अंतर राखणे इतकाच नव्हता. आमच्या गावातून हद्दपार व्हा, हाच त्याचा अर्थ होता. एका गावाने असा ठराव केला की शेजारच्या गावाला धास्ती वाटू लागते, की तेथून निघालेली माणसे आता आपल्याकडे येणार. म्हणून तेही ठराव करते. पाहता पाहता काउंटीतील दोन डझन नगरपालिकांनी आपापली वर्तुळे आखली, आणि २००५ च्या अखेरीस खुद्द मियामी-डेड काउंटीनेही २,५०० फुटांचा नियम मंजूर केला.

या ठरावांचा सर्वांत प्रभावी पुरस्कर्ता रॉन बुक हा होता. फ्लोरिडाच्या राजधानीतील तो एक मातब्बर वकील, विधिमंडळात आपल्या पक्षकारांचे काम करून देण्यात निष्णात. त्याची कन्या लॉरेन हिच्यावर लहानपणी घरात ठेवलेल्या दाईनेच कित्येक वर्षे अत्याचार केले होते, आणि ते उघडकीस आल्यावर बापाने आपली सारी राजकीय पुण्याई अशा कायद्यांच्या पाठीशी उभी केली. त्याच्या वेदनेविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, की लॉरेनला जिने छळले ती घरातच राहत होती. कोणत्याही फुटपट्टीने तिला त्या मुलीपासून दूर ठेवले नसते. दैवयोग असा, की हाच रॉन बुक मियामी-डेडच्या बेघरांसाठीच्या न्यासाचाही अध्यक्ष होता, आणि त्यामुळे ज्या माणसांना या ठरावांनी बेघर केले त्यांच्या निवाऱ्याची जबाबदारीही अखेर त्याच्याच दारी आली.

पुलाखालची जागा निवडली गेली ती याच नकाशाच्या हिशेबाने. देखरेखीखाली असलेल्या सुटलेल्या कैद्याला अंमलदाराकडे पत्ता द्यावा लागतो, आणि दिलेला पत्ता वर्तुळात येत असेल तर तो नामंजूर होतो. बापाचे घर नामंजूर, बहिणीचे घर नामंजूर, भाड्याची खोली नामंजूर, असे होत होत शेवटी उरली ती पाण्यावरची जागा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तेथे हजर असणे सक्तीचे होते, आणि अंमलदार पहाटेच्या अंधारात येऊन विजेरीच्या उजेडात हजेरी घेत. ज्यांच्या घोट्याला पाळतीचे यंत्र बांधलेले होते त्यांना ते रोज विजेवर भरावे लागे. पुलाखाली वीज नव्हती, म्हणून वर्गणी काढून आणलेल्या जनित्राभोवती माणसे संध्याकाळी पाय पुढे करून तासन्तास बसत, कारण यंत्र बंद पडले तर तो अटीचा भंग, आणि अटीचा भंग म्हणजे पुन्हा तुरुंग. पाणी पिंपांतून यायचे. शौचालय नव्हते. डोक्यावरून दिवसरात्र मोटारींचा अखंड घरघराट, आणि उंदरांचा सुळसुळाट. २००७ मध्ये मोजकीच माणसे होती. २००९ पर्यंत ती शंभराच्या आसपास गेली. त्यांत एक स्त्रीही होती. म्हातारे होते, आजारी होते. आणि अतिशय गंभीर गुन्हे केलेले आणि तुलनेने किरकोळ गुन्हे केलेले असे सारे एकाच उतरणीवर शेजारी शेजारी झोपत होते, कारण वर्तुळाला त्यांच्यातला भेद कळत नव्हता.

हे दृश्य वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर झळकल्यावर प्रत्येक सत्तेने दुसऱ्या सत्तेकडे बोट दाखवले. २००९ च्या जुलैत नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एसीएलयू या संस्थेने काउंटीविरुद्ध फिर्याद केली. तिकडे मियामी शहराने, ही वसाहत उठवावी म्हणून, खुद्द राज्य सरकारवर दावा ठोकला. अखेरीस २०१० च्या जानेवारीत काउंटीने लॉरेन बुकचे नाव असलेला नवा नियम केला. त्याने नगरपालिकांचे वेगवेगळे ठराव मोडीत काढले, २,५०० फुटांची अट केवळ शाळांपुरती ठेवली, आणि त्याच्या जोडीला एक निराळ्या प्रकारचे बंधन आणले: शाळा, पाळणाघर, उद्यान, क्रीडांगण यांच्यापासून ३०० फुटांच्या आत विनाकारण रेंगाळण्यास मनाई. राहण्याऐवजी वावरण्यावर नियंत्रण, हा त्यातल्या त्यात समजूतदारपणाचा भाग होता. कारण अत्याचार करणारा मुलांजवळ जातो तो जागेपणी आणि दिवसाउजेडी, तो रात्री कोठे झोपतो याचा त्याच्याशी संबंध फार थोडा. त्या वर्षीच्या मार्चात पुलाखालची जागा रिकामी करून तेथे कुंपण घालण्यात आले.

माणसे मात्र नाहीशी झाली नव्हती. त्यांतील पुष्कळ शोअरक्रेस्ट या वस्तीत गेली. तेथील रहिवाशांनी ओरड केली, आणि शहराने त्या भागात एक चिमुकले उद्यान उभारले, कारण उद्यान झाले की त्याच्या आसपास राहण्यास राज्याचा मज्जाव लागू होतो. मुलांच्या खेळण्यासाठी नव्हे, माणसे हुसकण्यासाठी बाग निर्माण करण्याचा हा प्रकार मला या सबंध इतिहासातला सर्वांत खिन्न करणारा प्रसंग वाटतो. तेथून उठलेली माणसे पुढे हायालीआजवळ, रेल्वेरुळांच्या आणि गोदामांच्या मधल्या पट्ट्यात तंबू टाकून राहू लागली, आणि कालांतराने दोनशेहून अधिक माणसांचा अधिकृत पत्ता तेथला एक चौक झाला. २०१८ मध्ये काउंटीने तोही तळ उठवला.

जे मियामीत झाले तेच अन्यत्रही थोड्याफार फरकाने झाले. आयोवा राज्याने २००२ साली २,००० फुटांचा कायदा केला. २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवताच गावोगावी त्याच्यावर चढ असे ठराव झाले, काहींत ग्रंथालये आणि शाळेच्या बसचे थांबेही आले. त्यानंतर अल्पावधीत ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही अशा नोंदणीकृत गुन्हेगारांची संख्या दुपटीहून अधिक झाली. आणि २००६ साली त्या राज्यातील सरकारी वकिलांच्या संघटनेनेच, म्हणजे गुन्हेगारांना तुरुंगात धाडणे हेच ज्यांचे काम त्यांनी, हा कायदा मुलांचे रक्षण करत नाही, तो बदलावा, असे जाहीर निवेदन काढले. २००९ मध्ये आयोवाने तो सौम्य केला. कॅलिफोर्नियातही २००६ च्या सार्वमताने २,००० फुटांचे वर्तुळ आले. सॅन डिएगो काउंटीत भाड्याने मिळू शकणाऱ्या घरांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक त्यामुळे बंद झाली. तेथे काही जण पॅरोलच्या कचेरीमागच्या गल्लीत, तर काही कोरड्या नदीपात्रात राहू लागले. २०१५ च्या मार्चात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, निदान त्या काउंटीपुरता, या नियमाचा सरसकट अंमल घटनाबाह्य ठरवला.

वावरण्यावरची बंधने कोठवर जाऊ शकतात याचे उदाहरण त्याच राज्यातील ऑरेंज काउंटीने घालून दिले. २०११ साली, जिल्हा सरकारी वकील टोनी रॅकॉकस यांच्या आग्रहाने, तेथे असा नियम झाला की नोंदणीकृत गुन्हेगाराने शेरीफच्या लेखी परवान्यावाचून काउंटीच्या कोणत्याही उद्यानात अथवा समुद्रकिनाऱ्यावर पाऊल ठेवू नये. ठेवल्यास कैद वा दंड. मग अर्व्हाइन, हंटिंग्टन बीच आदी नगरांनीही तसेच ठराव केले. ज्याने वीस वर्षांपूर्वी गुन्हा केला आणि त्यानंतर आयुष्य सरळ मार्गाने काढले, त्यालाही आपल्या मुलाबाळांसह किनाऱ्यावर जाता येईना. २०१४ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने हे नियम रद्द ठरवले. अशा गुन्हेगारांविषयीचा सर्व व्यवहार राज्याने आपल्या कायद्यांनी स्वतःकडे घेतलेला आहे, गावोगावचे निराळे कायदेकानू त्यात ढवळाढवळ करू शकत नाहीत, असे त्याचे कारण होते. आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क येथील सर्वोच्च न्यायपीठांनी २००९ ते २०१५ या काळात स्थानिक निवासबंदीचे ठराव याच तत्त्वावर मोडले होते. न्यायालयांनी अशा रीतीने प्रश्न सोडवला तो अधिकारक्षेत्राच्या वाटेने; मुलांचे रक्षण या उपायाने होते की नाही, हा गाभ्याचा प्रश्न बहुतेक निकालपत्रांत बाजूलाच राहिला.

त्याचे उत्तर मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २००७ साली शोधले होते. १९९० नंतर सुटलेल्या आणि नवा लैंगिक गुन्हा करून पुन्हा तुरुंगात आलेल्या २२४ जणांची एकेक नस्ती त्यांनी तपासली: बळी कोण, ओळख कशी झाली, जागा कोणती, घरापासून अंतर किती. निवासबंदी असती तर टळला असता असा एकही गुन्हा त्यांना सापडला नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००० सालच्या अहवालातही, अठरा वर्षांखालील बळींपैकी अपरिचिताच्या हातून बळी पडलेले अवघे ७ टक्के होते. उरलेले सारे नातेवाइकांच्या वा ओळखीच्यांच्या हातून. खुद्द पॅटी वेटरलिंग हिनेही, जिच्या मुलाच्या नावाने ही सारी इमारत उभी राहिली, नोंदवह्यांचा आणि निवासबंदीचा विस्तार हाताबाहेर गेल्याचे पुढे उघडपणे बोलून दाखवले.

आपल्याला हा विषय परका वाटू नये. माणसांची नोंद करून त्यांच्या हालचालींवर बंधन घालण्याचा प्रयोग ब्रिटिश अमदानीत याच भूमीवर झाला. १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली सोलापुरात काटेरी तारेच्या आत जी सेटलमेंट होती तिच्यात रोज हजेरी होती आणि बाहेर पडण्यास पास होता. तेथे तर अपराध कोणताही नसताना, केवळ जन्माच्या आधारावर, साऱ्या जमाती डांबल्या जात. शिक्षा झालेल्या गुन्हेगारांशी त्यांची बरोबरी करणे हा त्यांच्यावर पुन्हा एकदा अन्याय होईल. पण माणूस न पाहता यादी पाहण्याची सरकारी सवय दोन्हीकडे तीच दिसते. याउलट १९५१ च्या मुंबई (आताच्या महाराष्ट्र) पोलीस कायद्यातील तडीपारीची कलमे घ्या: तेथे नोटीस आहे, म्हणणे मांडण्याची संधी आहे, अपील आहे आणि दोन वर्षांची मुदत आहे. त्यांचा दुरुपयोग होतो, पण निदान हुकूम एका विशिष्ट माणसाविरुद्ध, त्याचे वर्तन पाहून काढावा लागतो.

२०१८ च्या २० सप्टेंबरला केंद्रीय गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ती केवळ तपास यंत्रणांना पाहता येते. ती जनतेसाठी खुली करावी आणि अशा माणसांना वस्त्यांतून बाहेर काढावे, ही मागणी प्रत्येक भीषण प्रसंगानंतर आपल्याकडेही होते. ती करणाऱ्यांनी एवढे अवश्य ध्यानात घ्यावे, की पोक्सो कायद्याखालील बलात्काराच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही नकाशावर वर्तुळ काढता येत नाही. तेथे हवे आहेत ते मुलाचे बोलणे ऐकून घेणारे शिक्षक, तक्रार दडपून न टाकणारे नातेवाईक, वेळेवर चालणारे खटले आणि सुटून आलेल्या माणसाच्या दाराशी खरोखर जाणारा अंमलदार. मियामी-डेडमध्ये निराळेच घडले: एसीएलयूने २०१४ साली लढवायला घेतलेल्या दुसऱ्या खटल्याचा निकाल २०१८ च्या डिसेंबरात काउंटीच्या बाजूने लागला, आणि शाळांभोवतीचे २,५०० फुटांचे बंधन कायम राहिले.